वाचनालयात विषयवार मांडणी कशी लावावी

कादंबऱ्या लेखकाच्या आडनावाने लावल्या की काम भागते. शेती, इतिहास, आरोग्य, पाककृती, धर्म, कायदा या पुस्तकांचे तसे होत नाही. अनेक वाचनालयांत ती दाखल क्रमांकाने उभी असतात, म्हणजे जे आधी आले ते आधी. वार्षिक मोजणीला हे सोयीचे आहे. पण द्राक्षावरची सगळी पुस्तके मागणाऱ्या शेतकऱ्याला ती कपाटाकपाटांतून शोधून द्यावी लागतात आणि कोणते कुठे आहे हे एकट्या ग्रंथपालालाच माहीत असते. दाखल क्रमांक नोंदवहीपुरता ठेवावा. कपाटात पुस्तक विषयानेच लागले पाहिजे.

त्यासाठी अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्यूई यांची १८७६ पासून चालत आलेली दशांश पद्धत घ्यावी. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची १९३३ची द्विबिंदू पद्धत विषयाची फोड अधिक बारकाईने करते. पण तिच्या क्रमांकात अक्षरे आणि चिन्हे येतात आणि पुस्तके जागेवर लावणाऱ्या मदतनीसाला ती जड जाते. ड्यूईत फक्त आकडे आहेत: पहिला आकडा मुख्य वर्ग सांगतो, पुढचे आकडे विषय बारीक करत जातात. ००० सामान्य ज्ञान व संगणक, १०० तत्त्वज्ञान व मानसशास्त्र, २०० धर्म, ३०० समाजशास्त्रे, ४०० भाषा, ५०० विज्ञान व गणित, ६०० वैद्यक-शेती-स्वयंपाकासह सर्व उपयोजित विद्या, ७०० कला व खेळ, ८०० साहित्य, ९०० इतिहास-भूगोल.

विषय ठरवताना

पुस्तकाचे नाव पाहून वर्ग देऊ नये. मराठीत वैचारिक पुस्तकांनाही काव्यात्म नावे देण्याची सवय आहे. आधी अनुक्रमणिका, मग प्रस्तावना आणि शेवटी मलपृष्ठ वाचावे. मलपृष्ठावरचा मजकूर विक्रीसाठी लिहिलेला असतो.

मग विचारायचे ते असे: पुस्तक कशाबद्दल आहे, आणि कोणत्या शास्त्राच्या अंगाने? दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा, कारण ड्यूईत एकच वस्तू अनेक ठिकाणी जाते. ऊस घ्या. लागवड, बेणे, खोडवा यांवरचे पुस्तक ६३३.६१ मध्ये जाईल. साखर कशी तयार होते हे सांगणारे ६६४.१ मध्ये. सहकारी कारखान्यांच्या कारभारावरचे ३३४ मध्ये, सहकाराबरोबर. तिन्ही एकत्र ठेवली तर नीटनेटके दिसते, पण कारखानदारीचा अभ्यासक आणि ऊस उत्पादक दोघांचीही गैरसोय होते. तसेच खगोलशास्त्र ५२० आणि फलज्योतिष १३३.५, योगासने ६१३.७ आणि योगदर्शन १८१.४५.

एका पुस्तकात दोन विषय असतील तर ज्यावर जास्त पाने त्याचा क्रमांक. दोन्ही सारखेच असतील तर ज्याचा क्रमांक आधी येतो तो. तीन किंवा अधिक असतील तर त्या सगळ्यांना सामावणारा वरचा वर्ग. एका गोष्टीचा दुसरीवर परिणाम सांगितला असेल, उदाहरणार्थ हवामानाचा द्राक्षपिकावर, तर ज्यावर परिणाम झाला ते घ्यावे: द्राक्ष, ६३४.८.

क्रमांक किती लांब?

महाराष्ट्रीय पाककृतींचा पूर्ण क्रमांक ६४१.५९५४७९२ होतो: ६४१.५९ प्रांतोप्रांतीचा स्वयंपाक, ५४ भारत, ५४७९२ महाराष्ट्र. छोट्या वाचनालयाला एवढा नको. ६४१.५९५४ (भारतीय) किंवा नुसते ६४१.५ पुरते. मात्र तोडताना आकडे मोजून नव्हे, अर्थ पाहून तोडावे. महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९२ आहे. तो ९५४ वर कापला तर शिवकाल आणि मौर्यकाल एकाच फळीवर येतात. जिथे पुस्तके दाटीने आहेत तिथे क्रमांक लांबू द्यावा, जिथे पाच-सातच आहेत तिथे तीन आकडे बस.

सर्वांत जास्त कसोटी धर्माच्या वर्गात लागते. ड्यूईने २०० मधली बहुतेक जागा ख्रिस्ती धर्माला दिली आणि बाकीचे धर्म २९० मध्ये कोंबले. म्हणून हिंदू धर्म २९४.५, बौद्ध २९४.३, जैन २९४.४, इस्लाम २९७. आपल्याकडे २९४.५ ची कपाटे भरून वाहतात, तेव्हा इथे कंजुषी नको: रामायण २९४.५९२२, महाभारत २९४.५९२३, गीता २९४.५९२४. ज्ञानेश्वरी गीतेवरची टीका म्हणून २९४.५९२४ मध्ये ठेवावी. तिच्या काव्यगुणांची समीक्षा ८९१.४६१, म्हणजे मराठी कवितेत. दुसरा निर्णयही चालेल, पण एकदा घेतला की सर्व प्रतींना तोच. एक आवृत्ती धर्मात आणि दुसरी काव्यात गेली, की वाचक ‘नाही’ समजून परत जातो.

चरित्रे ९२० मध्ये एकत्र ठेवणे सार्वजनिक वाचनालयाला सोयीचे. तिथे क्रम चरित्रनायकाच्या नावाने लावावा, लेखकाच्या नव्हे. डॉ. आंबेडकरांची चरित्रे दहा लेखकांनी लिहिली म्हणून ती दहा ठिकाणी विखुरता कामा नयेत.

चिठ्ठी आणि क्रम

चिठ्ठीवर वर्गांकाखाली (विषयाच्या क्रमांकाखाली) लेखकाच्या आडनावाची पहिली दोन अक्षरे काना-मात्रेसह लिहावीत: ‘कुल’, ‘देश’. एकाच विषयात दोन कुलकर्णी आले तर पुस्तकाच्या नावाचे पहिले अक्षर जोडावे. क्ष आणि ज्ञ हे ह-ळ नंतर लावायचे की क आणि ज मध्ये, तेही आधीच ठरवावे. चिठ्ठी कण्यावर तळापासून सुमारे अडीच सेंटिमीटर वर चिकटवावी, म्हणजे फळीवर सगळे क्रमांक एका ओळीत दिसतात. कणा बोटापेक्षा बारीक असेल तर मुखपृष्ठाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात. तोच क्रमांक शीर्षकपृष्ठाच्या मागे पेन्सिलीने आणि दाखल नोंदवहीत लिहावा. चिठ्ठ्या निघतात, तेव्हा हीच नोंद कामाला येते.

मांडणीत सर्वांत जास्त चूक दशांशचिन्हाची होते. ६४१.३५ हे ६४१.५ च्या आधी येते. मदतनीस ‘पस्तीस’ आणि ‘पाच’ असे वाचतो आणि उलटे लावतो. ‘सहाशे एक्केचाळीस दशांश तीन पाच’ असे एकेक आकडा सुटा वाचायला शिकवले की ही चूक थांबते.

प्रत्येक फळीचा तिसरा हिस्सा रिकामा सोडावा. गच्च भरलेल्या फळीत नवे पुस्तक घालायला पुढची सगळी कपाटे सरकवावी लागतात, मग ते ‘सध्या’ म्हणून आडवे वर ठेवले जाते आणि तिथेच राहते. वाचलेली पुस्तके वाचकांनी टेबलावरच ठेवावीत अशी पाटी लावावी. चुकीच्या जागी गेलेले पुस्तक नोंदवहीत असूनही सापडत नाही. आठवड्याला एक-दोन कपाटे क्रमाने वाचून तपासावीत.

आणि एक निर्णयवही ठेवावी. अडलेले पुस्तक, दिलेला क्रमांक, कारण, तारीख अशा चार रकान्यांची साधी वही पुरते. ग्रंथपाल बदलला की तीच पुढच्याच्या हाती सोपवावी.