काळी माती, पांढरा कापूस: विदर्भाच्या गावशिवारात छायाचित्रे काढताना

समोरचे दृश्य एकंदरीत मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून कॅमेऱ्यातील प्रकाशमापक हिशेब करतो, आणि विदर्भाच्या शिवारात हे गृहीतक वारंवार चुकते. पावसाने भिजलेली काळी माती त्याला अंधारी वाटते, म्हणून तो प्रकाश वाढवतो आणि माती राखेसारखी दिसू लागते. उलट, वेचणीला आलेले कापसाचे वावर त्याला फार उजळ वाटते, म्हणून तो प्रकाश घटवतो आणि पांढराशुभ्र कापूस मळका दिसतो. त्यामुळे या भागात हौसेने फिरणाऱ्या छायाचित्रकाराने महागड्या लेन्सच्या आधी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करण्याची सोय, वापरायला शिकावे, असे माझे मत आहे. चौकट कापसाने भरलेली असेल तर ते +१ ते +१.७ पर्यंत वाढवावे आणि ओल्या मातीसाठी −०.७ ते −१ इतके खाली आणावे. मोबाईलवर विषयाला बोटाने स्पर्श करून शेजारी दिसणारे सूर्याचे चिन्ह वरखाली सरकवले की हेच काम होते. प्रत्येक वेळी हिस्टोग्राम, म्हणजे छायाचित्रातील गडद-उजळ छटांचा आलेख, पाहण्याची सवय ठेवावी, कारण उन्हात पडदा नीट दिसत नाही. आलेख उजव्या भिंतीला चिकटला असेल तर कापसाचे तंतू कायमचे गेले असे समजावे.

वेचणीची छायाचित्रे घेताना सूर्य पाठीशी घेण्यापेक्षा बाजूला किंवा थोडा समोर ठेवलेला बरा, कारण फुटलेल्या बोंडाच्या मागून आलेल्या प्रकाशात त्याच्या कडा उजळतात आणि एकेक तंतू वेगळा दिसतो. दुरून सगळे वावर टिपण्याचा मोह प्रत्येकाला होतो, पण खरा विषय हातांचा असतो: वाळलेल्या बोंडाच्या टोकदार कडा चुकवत बोटे एका झटक्यात कापूस ओढून कमरेच्या ओटीत टाकतात, आणि ही हालचाल स्पष्ट हवी असेल तर शटर १/५०० सेकंदापेक्षा मंद ठेवू नये. लेन्सचे छिद्र (अॅपर्चर) एफ/४ च्या आसपास ठेवावे. धुऱ्यावर (बांधावर) उभे राहून थेट कॅमेरा रोखण्याआधी "मावशी, एक फोटो काढू काय?" असे विचारावे, होकार मिळाला तरी पहिली दोन मिनिटे सगळे ताठ होतात, तेव्हा काम पुन्हा लयीत येईपर्यंत थांबावे.

वेळेबाबत पुस्तकी सल्ला असा असतो की सकाळ-संध्याकाळच्या सोनेरी उन्हाशिवाय कॅमेरा काढू नये. उन्हाळ्यापुरता तो अगदी योग्य आहे. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरीस भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते आणि टोपीखालच्या चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. डिसेंबरात मात्र तोच सूर्य दुपारीही क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपासच राहतो, ऊन तिरपे पडते आणि कौलारू छपरे, शेणाने सारवलेली अंगणे, बंडीची चाके यांचा पोत दिवसभर उठून दिसतो. म्हणून हिवाळ्यात दुपारी जेवून झोपण्यापेक्षा फिरावे. उन्हाळ्यात कॅमेरा बंद गाडीत ठेवू नये आणि जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) आवारात लेन्स बदलू नये, एवढे पुरे.

आठवडी बाजाराचा त्रास वेगळा आहे. दुकानांवर ताणलेल्या निळ्या ताडपत्रीतून गाळून आलेला प्रकाश वांग्यांवर खुलतो, पण माणसांच्या चेहऱ्यावर तो आजारी दिसतो. दुकानदार पालाच्या कडेला, उघड्या आकाशाच्या उजेडात येईल अशी जागा शोधावी. ते जमले नाही तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, स्वरूपात छायाचित्र घ्यावे, म्हणजे व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीचा रंगांचा समतोल) घरी निवांत बदलता येतो. पोळ्याला शिंगे रंगवलेले, झुली पांघरलेले बैल तोरणाखाली उभे असतात तेव्हा झडत्यांच्या (पोळ्याला म्हटल्या जाणाऱ्या पद्यांच्या) गोंगाटात सगळे एकाच बाजूने छायाचित्रे काढतात. त्यापेक्षा आदल्या संध्याकाळच्या खांदशेकणीला एखाद्या गोठ्यात जावे. हळद-तुपाचा हात बैलाच्या खांद्यावर फिरत असतो, उजेड एका दारातूनच येतो आणि गर्दी नसते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनक्षमता) १६०० किंवा ३२०० पर्यंत न्यायला घाबरू नये, पण फ्लॅश वापरू नये, कारण बैल बिथरतो.

प्रवासाच्या ठिकाणांपैकी लोणार सर्वांत अवघड आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे उल्काघाती विवर एका चौकटीत मावत नाही, म्हणून कॅमेरा उभा धरून, प्रत्येक छायाचित्रात मागच्याचा एक तृतीयांश भाग येईल अशा बेताने ओळीने छायाचित्रे घ्यावीत आणि नंतर ती जोडावीत. मात्र एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही आधी स्थिर करावेत, नाहीतर आभाळात पट्टे उमटतात. अगदी पहाटे पूर्वेकडच्या काठाची सावली विवरात पडलेली असते, तेव्हा सूर्य थोडा वर येऊ द्यावा. लोणार गावातील दैत्यसूदन मंदिर किंवा वैनगंगेकाठचे मार्कंडा यांसारख्या ठिकाणी मूर्तींवर ऊन बाजूने घासून जाते ती वेळ निवडावी. समोरून पडलेल्या उन्हात कोरीवकाम सपाट होते. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंमध्ये तिवई (ट्रायपॉड) वापरण्यासाठी आधी परवानगी काढावी लागते, म्हणून आत खांबाला टेकून श्वास रोखणे हाच व्यवहार्य मार्ग आहे.

संपादनासाठी लाइटरूम असो, विनामूल्य मिळणारे डार्कटेबल असो की मोबाईलवरील स्नॅपसीड, क्रम तोच ठेवावा: आधी व्हाइट बॅलन्स, मग एकूण उजेड, मग हायलाइट्स (उजळ भाग) आणि शॅडोज (गडद भाग), शेवटी रंग. व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर (रंगाचा नमुना उचलणारे साधन) पांढऱ्या धोतरावर टेकवण्याची चूक सहज होते. धोतराला नीळ दिलेली असते, सॉफ्टवेअर ती निळाई काढायला जाते आणि सगळे छायाचित्र पिवळे पडते. त्याऐवजी सिमेंटचा खांब किंवा राखेचा ढीग निवडावा. मंदिराचे शिखर मागे कललेले दिसत असेल तर उभ्या रेषा सरळ करता येतात, पण त्यात कडा कापल्या जातात, म्हणून छायाचित्र घेतानाच चहूबाजूंनी जागा सोडावी. सॅच्युरेशन वाढवण्याबाबत माझा हात आखडता असतो: फाल्गुनातला पळस मुळातच इतका भडक असतो की थोड्याशा वाढीनेही पाकळ्यांतील बारकावे बुजून नुसता नारिंगी डाग उरतो. चेहरे उजळ करणारे फिल्टर तर पूर्ण टाळावेत. उन्हात रापलेली कातडी गोरी केली की सुरकुत्या जातात आणि त्यांच्याबरोबर माणूसही जातो. चेहरा फारच अंधारात असेल तर संपादनात मास्क लावून, म्हणजे फक्त चेहरा निवडून, तेवढ्याच भागाच्या शॅडोज थोड्या उचलाव्यात.

ज्यांची छायाचित्रे काढली त्यांना मोबाईलवर पाठवण्यापेक्षा कागदावर द्यावीत. ४×६ इंचांच्या छापील प्रतीसाठी १२००×१८०० पिक्सेल पुरतात. कागदावर छायाचित्र पडद्यापेक्षा गडद उतरते, त्यामुळे छपाईची प्रत किंचित उजळ करून वेगळी साठवावी आणि स्टुडिओवाल्याला स्वयंचलित रंगदुरुस्ती बंद ठेवण्यास आवर्जून सांगावे. ढिगाने छापण्याआधी एकच प्रत काढून ती खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात पाहावी.