मेलाटोनिन, त्वचेचा रंग आणि पांढरे केस : गोळी घेण्यापूर्वी काय करावे

चेहऱ्यावरचा वांग जावा, उन्हात रापलेली कातडी उजळावी किंवा अकाली पिकणारे केस काळे राहावेत, यासाठी मेलाटोनिनची गोळी घ्यावी का, हा प्रश्न आता तालुक्याच्या औषध दुकानापासून वावराच्या धुऱ्यापर्यंत ऐकू येतो. रंगासाठी ही गोळी घेऊ नये, हे त्याचे उत्तर आहे. मात्र ते पटण्यासाठी सारखी वाटणारी दोन नावे आधी वेगळी करावी लागतात.

मेलॅनिन हे त्वचेला आणि केसांना रंग देणारे द्रव्य असून ते टायरोसिन या अमिनो आम्लापासून रंगपेशींमध्ये तयार होते. मेलाटोनिन हे संप्रेरक आहे. अंधार पडल्यावर मेंदूतील पिनियल ग्रंथी ते तयार करते आणि शरीराला रात्र झाल्याची खूण देते. नावांतले साम्य बेडकामुळे आले. गाईच्या पिनियल ग्रंथीचा अर्क दिल्यावर बेडकाची पिल्ले फिकी पडतात, हे मॅककॉर्ड आणि ॲलन यांनी 1917 मध्ये नोंदवले होते आणि त्या अर्कातील नेमका पदार्थ येल विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञ एरन लर्नर यांनी 1958 मध्ये वेगळा केला. बेडकाच्या रंगपेशीतील कण मेलाटोनिन मिळताच पेशीच्या मध्यभागी गोळा होतात, म्हणून त्याची कातडी थोड्याच वेळात फिकी दिसते. माणसाच्या रंगपेशी आपले कण भोवतालच्या पेशींना देऊन टाकतात आणि त्या पेशी झडेपर्यंत रंग तिथेच राहतो. पुढे लर्नर आणि नॉर्डलंड यांनी त्वचा काळवंडलेल्या 5 रुग्णांना रोज 1 ग्रॅम, म्हणजे 3 मिलिग्रॅमच्या तीनशेहून अधिक गोळ्यांइतके मेलाटोनिन जवळजवळ महिनाभर दिले, तेव्हा चौघांच्या रंगात काहीही बदल झाला नाही. ज्या एका स्त्रीची त्वचा उजळली तिला उपचार न झालेला ग्रंथीचा आजार होता.

आपली त्वचा आणि केसांची मुळेही थोडे मेलाटोनिन स्वतः तयार करतात आणि ते पेशींचे रक्षण करते, हे खरे आहे. केसगळतीसाठी 0.1 टक्के द्रावण डोक्याला लावून प्रयोग झाले आहेत, पण ते केसांच्या वाढीविषयीचे आहेत, रंगाविषयीचे नव्हेत. मुळाशी असलेला रंगपेशींचा साठा संपत गेला की केस पिकतात. वयाच्या 25 वर्षांआधीच ते पिकू लागले असतील, तर ग्रामीण रुग्णालयात जीवनसत्त्व बी-12 आणि थायरॉइडची तपासणी करण्याविषयी विचारावे. बिडी ओढत असाल तर ती सोडावी, कारण अकाली पिकणाऱ्या केसांशी धूम्रपानाचा संबंध आढळलेला आहे.

शरीराचे स्वतःचे मेलाटोनिन जपणे मात्र आपल्या हाती आहे, आणि आपल्याकडे तेच सर्वांत अवघड आहे. हरभऱ्याच्या ओलितासाठी वीज बऱ्याच ठिकाणी रात्री मिळते, रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी मचाणावर जागल करावी लागते. हा दोष शेतकऱ्याचा नाही. साप-विंचवाच्या भीतीने बॅटरी लागतेच, ती बंद करू नये. पण बसल्या जागी मोबाइलचा पांढरा-निळा उजेड डोळ्यांसमोर धरू नये, कारण मेलाटोनिन सर्वाधिक दबते ते निळ्या उजेडाने. घरी परतल्यावर खिडकीला जाड चादर लावून अंधारात झोपावे आणि जमेल तिथे जागलीच्या पाळ्या वाटून घ्याव्यात. याने झोप सुधारेल. रंग बदलेल अशी अपेक्षा ठेवू नये.

वांग आणि रापणे यांचे मोठे कारण ऊन आहे. निंदणीचे काम शक्यतो सकाळी 10 च्या आत उरकावे, चेहरा सुती दुपट्ट्याने झाकावा आणि रुंद काठाची टोपी वापरावी. गोरेपणासाठी सुट्या विकल्या जाणाऱ्या ट्यूबांमध्ये बरेचदा स्टेरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते, चेहऱ्यावर लव वाढते आणि ट्यूब थांबवताच काळेपणा परत येतो. अशी ट्यूब वापरत असाल तर ती सोबत घेऊन डॉक्टरांना दाखवावी.

अंगावर फिका चट्टा दिसला तर कोड समजून लपवू नये. कापसाच्या बोळ्याचे टोक धाग्यासारखे पिळून घ्यावे, चट्टा असलेल्या व्यक्तीला डोळे मिटायला सांगावे आणि चट्ट्यावर हलकेच स्पर्श करून कुठे लागले ते बोटाने दाखवायला सांगावे. कोडाच्या पांढऱ्याशुभ्र डागावर स्पर्श नीट कळतो. स्पर्श कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो, आणि स्पर्श कळत असला तरी कुष्ठरोग नाहीच असे घरी ठरवता येत नाही. म्हणून दोन्ही वेळी आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. तेथे कुष्ठरोगाची औषधे मोफत मिळतात आणि प्रकारानुसार साधारण 6 किंवा 12 महिन्यांत उपचार पूर्ण होतो.

डॉक्टरांनी झोपेसाठी मेलाटोनिन लिहून दिले, तर गर्भारपण, रक्त पातळ करणारी गोळी किंवा झोपेचे दुसरे औषध चालू असल्यास आधी सांगावे, आणि गोळी घेतल्यावर त्या रात्री मोटर सुरू करण्यास किंवा दुचाकीवर वावरात जाऊ नये.