गाडीच्या पुढच्या काचेवरील ओरखडे सेरियम ऑक्साइडने कसे घालवावेत

घोडबंदर रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या ठाणेकरांना हा अनुभव नवा नाही: काचेवर धूळ साचलेली असते, पहिल्या सरीला वायपर त्या धुळीसकट फिरतो आणि काचेवर कमानीसारखे ओरखडे उमटतात, जे रात्री समोरच्या दिव्यांत डोळ्यांपुढे चमकत राहतात. ओरखड्यावरून नख फिरवावे. नख अडकत असेल तर घासण्याच्या फंदात पडू नये. तेवढी काच झिजवल्यास पलीकडचे दृश्य वेडेवाकडे दिसू लागते.

नख न अडकणाऱ्या ओरखड्यांसाठी सेरियम ऑक्साइडची पूड वापरावी. १८०३ मध्ये शोध लागलेला सेरियम दुर्मिळ मृदा धातूंपैकी असला, तरी भूकवचात तो जवळजवळ तांब्याइतका आढळतो. हा मऊ धातू खरवडताच ठिणग्या देतो, म्हणून लायटरच्या चकमकीच्या मिश्रधातूत त्याचा मोठा वाटा असतो. त्याच्या ऑक्साइडचा कठीणपणा काचेच्या जवळपास असल्याने नवे ओरखडे पडत नाहीत. शिवाय पाण्याच्या सान्निध्यात ते काचेतील सिलिकाशी रासायनिक बंध जोडून अतिशय पातळ थर उचलून नेते. म्हणजे येथे जोरापेक्षा पाण्याचे महत्त्व अधिक आहे, आणि बहुतेकांची चूक नेमकी येथेच होते.

गाडी सावलीत उभी करून काच स्वच्छ धुवावी, ओरखड्यांच्या जागी आतून चिकटपट्टी लावून खूण करावी आणि भोवतीचा रंग व रबर झाकून घ्यावे. कोरडी पूड श्वासात जाऊ नये म्हणून मास्क लावावा. पूड पाण्यात कालवून दाट ताकाइतकी पातळ करावी आणि ड्रिलला लावलेल्या नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या, म्हणजे फेल्टच्या) चकतीने, कमी वेगाने व हलक्या हाताने, चकती सतत हलती ठेवून घासावे. लेप सुकू लागताच पाणी शिंपडावे. मधूनमधून तळहात काचेला लावून पाहावा. काच गरम लागली तर लगेच थांबावे, कारण एकाच जागी साचलेल्या उष्णतेने ती तडकू शकते. ओरखडे हळूहळूच जातात, त्यासाठी तास-दोन तासांची तयारी ठेवावी. हेडलाइटचे आवरण प्लास्टिकचे असते, त्यावर हा उपाय करू नये.

शेवटी सगळा लेप ओला असतानाच धुवून टाकावा आणि वायपरचे जुने रबर बदलावे, कारण त्यात रुतलेले खडे पुन्हा तीच कमान कोरतील.