जामीनदार नसताना कोकणात भाड्याचे घर कसे मिळवावे

दापोलीच्या कृषी विद्यापीठात, लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठात किंवा रत्नागिरीच्या एखाद्या महाविद्यालयात प्रवेश मिळालेला परगावचा विद्यार्थी खोली पाहायला गेला की, भाड्याचा आकडा निघण्याआधीच घरमालक विचारतो, "गाव कुठला? कोणापैकी तुम्ही?" या प्रश्नात खरी मागणी ओळखीच्या माणसाची, म्हणजे जामीनदाराचीच असते. ज्याची या भागात कोणाशीच ओळख नाही, त्याने आधी घरमालकाला नेमकी कशाची भीती वाटते ते समजून घ्यावे. भाडे थकेल ही एक भीती, आणि पोरे घर सोडणार नाहीत ही दुसरी. माझ्या मते दुसरीच अधिक खोल असते.

या दुसऱ्या भीतीला उत्तर आहे ते नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती घर वापरायची परवानगी देणारा करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे अशा कराराची मुदत संपल्यावर घराचा ताबा परत मिळवण्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कामासाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येते, आणि तेथे लेखी करार हाच निर्णायक पुरावा मानला जातो. स्टँपपेपरवर नोटरी केली की झाले, असा समज गावोगावी आहे. परंतु कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ती जबाबदारी मालकाची आहे. खर्चाचे म्हणाल, तर महिना 5,000 रुपये भाडे, 15,000 रुपये परतीची अनामत आणि 11 महिन्यांची मुदत धरली, तर 0.25 टक्के दराने मुद्रांक शुल्क 200 रुपयांच्या आतच राहते आणि ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी 500 रुपये, तर नगरपालिका हद्दीत 1,000 रुपये पडते. हा खर्च आपण उचलतो असे विद्यार्थ्याने स्वतःहून सांगितले, तर बोलणे बरेच सोपे होते. अकरावी-बारावीच्या मुलांचे वय मात्र 18 च्या आत असल्याने त्यांच्या वतीने पालकांनीच करार करावा.

भाडे थकण्याच्या भीतीवर थोडी जास्त अनामत हा सरळ उपाय आहे. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी अनामतीची मर्यादा दोन महिन्यांच्या भाड्याइतकी सुचवलेली आहे. तो केवळ नमुना असला, तरी अनामतीची घासाघीस करताना त्याचा दाखला देता येतो. एकदम मोठी रक्कम देणे शक्य नसेल, तर भाडे दर तीन महिन्यांचे आगाऊ द्यावे. अनामत रोख देऊ नये, खात्यातून पाठवावी आणि कोणती मोडतोड झाल्यास किती कपात होईल हे करारात लिहून घ्यावे. दोघे-तिघे मिळून राहणार असाल, तर प्रत्येकाचे नाव करारात हवे, कारण एकजण मध्येच निघून गेला की त्याचा वाटा उरलेल्यांच्या गळ्यात पडतो.

कोकणात आणखी एक वाट आहे. चाकरमान्यांची कितीतरी घरे गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर बंदच असतात, आणि पावसाळ्यात घरात दिवा लागावा, कौले फुटली तर कोणाच्या तरी लक्षात यावे, अशी मालकाची इच्छा असते. असे घर राखणीच्या बदल्यात कमी भाड्यात मिळू शकते. मात्र गणपतीत कुटुंब आले की कोणती खोली तुमच्याकडे राहील, हे आधीच कागदावर यावे, नाहीतर ऐन परीक्षेच्या तोंडावर पडवीत पथारी पसरावी लागते. समुद्रकाठच्या गावांत पर्यटकांना खोल्या देणारे मालक तर दिवाळी आणि मे महिन्यात खोली मोकळी करून मागतात. तेथे अकरा महिन्यांची सलग मुदत मान्य नसेल, तर पुढचे घर पाहावे.

खासगी घराच्या मागे लागण्याआधी महाविद्यालयाच्या आणि समाजकल्याण विभागाच्या वसतिगृहांत अर्ज करून ठेवावा. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, तर अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे. या योजनांतून मिळणारी रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते; मंजुरीचे पत्र हातात आले की ते घरमालकाला दाखवावे.

शेवटी ओळखीचा प्रश्न उरतोच. त्यासाठी महाविद्यालयाचे बोनाफाईड प्रमाणपत्र, आधार कार्डाची प्रत आणि पालकांचा दूरध्वनी क्रमांक पहिल्याच भेटीत पुढे ठेवावा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात देण्यास आपली तयारी असल्याचे सांगावे आणि जमल्यास आई-वडिलांना एकदा घर पाहायला घेऊन यावे.