गाडीतलं संकटकाळचं सामान आणि परवान्याची बंदूक: काय, कुठे, कसं ठेवायचं

नव्या गाडीसोबत इशाऱ्याचा लाल त्रिकोण, जॅक, पान्हा आणि प्रथमोपचाराची छोटी पेटी मिळते. बहुतेक गाड्यांत हे सगळं डिकीच्या तळाशी, प्लास्टिकची पिशवीसुद्धा न फोडता पडून असतं. त्यावर दोन बॅगा, एखादं आंब्याचं खोकं आणि घडीची खुर्ची. पावसात घाटात गाडी बंद पडली की आधी हा सगळा पसारा रस्त्यावर मांडावा लागतो. म्हणून काय विकत घ्यायचं याआधी कुठे ठेवायचं ते ठरवा.

जागा तीन. सीटबेल्ट न सोडता हात पोचेल ती पहिली: काच फोडायची हातोडी, बेल्ट कापायची पाती, टॉर्च. दार उघडलं की घेता येईल ती दुसरी: अग्निशामक, त्रिकोण, चमकणारं जाकीट. बाकीचं डिकीत, पण एकाच पेटीत आणि सामानाच्या वर किंवा बाजूला. सुटं काहीही ठेवू नका. ड्रायव्हरच्या सीटखाली ठेवलेली बाटली किंवा अग्निशामक ब्रेक दाबताच पुढे घरंगळत येतो आणि पेडलखाली अडकतो. तिथे काही ठेवायचंच असेल तर पट्ट्याने किंवा क्लॅम्पने आवळून ठेवा.

पाणी आणि काच

26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशी पाण्यात अडकलेल्या बंद गाड्यांमध्ये गुदमरून माणसं गेली. पाणी दाराच्या निम्म्यापर्यंत चढलं की बाहेरच्या दाबाने दार उघडत नाही, आणि वायरिंगमध्ये पाणी शिरलं की काचा खाली होत नाहीत. म्हणून गाडी तरंगायला लागली किंवा पाण्यात बंद पडली की क्रम असा: बेल्ट सोडा, लगेच काच खाली करा, आधी मुलांना बाहेर काढा, मग स्वतः निघा. फोन नंतर.

काच खाली झाली नाही तर हातोडी. बाजूच्या खिडकीच्या मधोमध मारू नका, तिथे काच लवचीक असते. खालच्या कोपऱ्यात मारा. पुढची काच फोडायच्या नादी लागू नका. ती दोन थरांची लॅमिनेटेड असते, तडकते पण पडत नाही. हल्ली काही गाड्यांना बाजूच्या काचाही लॅमिनेटेड येतात. काचेच्या कोपऱ्यातला शिक्का (टेम्पर्ड म्हणजे फुटणारी, की लॅमिनेटेड) आजच वाचून ठेवा आणि कोणती काच फुटण्यासारखी आहे ते घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. हातोडीपेक्षा दाबलं की टोक सुटणारं स्प्रिंगचं साधन चांगलं, कारण पाण्याखाली हात जोराने फिरत नाही. काचेला फिल्म लावलेली असेल तर फुटलेली काच जागीच लटकते, ती पायाने बाहेर ढकलावी लागते.

पाणी ओसरल्यावर गाडी चालू करून बघायचा मोह आवरा. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हा खर्च बहुधा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कलम घ्यावं लागतं.

रस्त्यावर थांबल्यावर

ताशी 80 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात 22 मीटर पुढे जाते. त्रिकोण गाडीच्या मागे दहा पावलांवर ठेवला तर मागच्याला अर्धा सेकंदही मिळत नाही. साध्या रस्त्यावर किमान 50 मीटर, द्रुतगती मार्गावर 100 मीटर किंवा जास्त अंतर ठेवा. घाटात अंतर मोजत बसू नका, त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवा, म्हणजे वळण घेण्याआधीच मागच्याला कळेल. ट्रकच्या वाऱ्याने हलके त्रिकोण आडवे होतात, म्हणून घेताना पायाला वजन असलेला घ्या. आणि कृपा करून दगड किंवा झाडाच्या फांद्या टाकून ठेवू नका. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड तिथेच राहतात आणि रात्री एखादा दुचाकीवाला त्यांच्यावर जातो.

चमकणारं जाकीट गाडीतून उतरण्याआधी घालायचं असतं, त्यामुळे ते डिकीत असून उपयोग नाही. सगळ्यांनी डाव्या बाजूने उतरावं आणि कठड्यापलीकडे सुरक्षित जागा असेल तर तिथे थांबावं. बंद गाडीत बसून राहणं सगळ्यात धोक्याचं. राष्ट्रीय महामार्गाच्या मदतीसाठी 1033, रुग्णवाहिकेसाठी 108, बाकी सगळ्यासाठी 112. ताम्हिणी, वरंध, माळशेज अशा घाटांत कित्येक ठिकाणी रेंज नसते. त्यामुळे निघण्यापूर्वी कोणत्या वाटेने जाणार आणि साधारण किती वाजता पोचणार, ते घरी सांगून ठेवा.

टायर

स्टेपनीची हवा दर महिन्याला बघा. न वापरलेल्या टायरचीही हवा हळूहळू कमी होत जाते, आणि वर्षभराने काढलेली स्टेपनी मऊ निघते. सीएनजीच्या गाडीत सिलिंडरमुळे स्टेपनी बाहेर काढता येते का, ते एकदा घरीच करून बघा. अलॉय व्हीलला लॉकिंग नट असेल तर त्याची चावी गॅरेजवाल्याच्या ड्रॉवरमध्ये राहून गेलेली नाही ना, तेही तपासा.

जॅक लावण्याआधी हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि जॅकच्या तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा आटा सैल करा, कारण वर उचललेल्या गाडीवर जोर लावला की जॅक कलंडतो. पावसाळ्यात साइडपट्टी मऊ असते. जॅकखाली फूटभर लांब-रुंद आणि इंचभर जाड फळी घाला, नाहीतर गाडी वर येण्याऐवजी जॅकच जमिनीत जातो. ही फळी डिकीत कायम असू द्या. नट समोरासमोरचे असे आळीपाळीने आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा तपासा. स्टेपनी बारीक असेल तर तिच्यावर लिहिलेला वेग पाळा, बहुधा 80.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला की लगेच पक्कड लावायची घाई नको. हवा हळू जात असेल तर खिळा तसाच ठेवून हवा भरा आणि पंक्चरवाल्यापर्यंत जा. खिळाच बूच बनून बसलेला असतो. हवा टिकतच नसेल तर आधी पंक्चर किटमधल्या सुईत रबराची पट्टी ओवून, तिला सोल्युशन लावून तयार ठेवा आणि मगच खिळा उपसा. खिळा ज्या तिरक्या कोनात शिरला त्याच कोनात किटमधली कानस चार-पाच वेळा आतबाहेर करा, पट्टी दोन-तृतीयांश आत जाईपर्यंत दाबा, सुई झटक्यात ओढा, आणि बाहेर राहिलेली पट्टी तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा. थुंकी किंवा साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा. टायरच्या बाजूच्या भिंतीला हे करायचं नाही. ती भिंत सतत वाकते आणि पट्टी वेगात बाहेर फेकली जाते.

बारा व्होल्टचा हवेचा पंप इंजिन चालू ठेवूनच वापरा आणि दहा मिनिटांनी त्याला गार होऊ द्या. तो दहा-पंधरा अँपिअर ओढतो, त्यामुळे सॉकेटचा फ्यूज उडतो. त्याच अँपिअरचे दोन फ्यूज पेटीत ठेवा. जास्त अँपिअरचा लावलात तर फ्यूजऐवजी वायर जळेल.

बॅटरी

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करायला जंप केबल लागते. बाजारातल्या स्वस्त केबलवर प्लास्टिक जाड आणि आत तार बारीक असते. इंजिन फिरवायला लागणारा करंट तिच्यातून जात नाही, केबल मात्र गरम होते. तांब्याची, निदान 16 चौरस मिलिमीटरची घ्या. डिझेल गाडीसाठी 25. लांबी तीन मीटर पुरते.

क्रम पाठ असू द्या. लाल केबल मेलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटचं टोक जोडताना ठिणगी पडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो, म्हणून हे लांब जोडणं. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग दुसरी सुरू करा. काढताना उलट क्रम. प्लस-मायनसची अदलाबदल झाली तर फ्यूजपासून ईसीयूपर्यंत (गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत) काहीही जाऊ शकतं.

दुसऱ्या गाडीशिवाय इंजिन सुरू करून देणारा लिथियमचा जंप स्टार्टर सोयीचा आहे, पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो ठेवू नका. बंद गाडीतलं तापमान 60 अंशांच्या पुढे जातं. तो घरी ठेवा, प्रवासाला निघताना घ्या, आणि दर तीन महिन्यांनी चार्ज करा.

आग आणि जखम

आयएसआय शिक्क्याचा, दाब दाखवणारा काटा असलेला एक किलोचा एबीसी (घन, द्रव आणि वायू अशा तिन्ही आगींवर चालणारा) पावडर अग्निशामक पुरे. तो आठ-दहा सेकंदांतच संपतो, म्हणून जवळ जाऊन, ज्वाळांवर नाही तर मुळाशी मारायचा. बॉनेटमधून धूर येत असेल तर गाडी थांबवा, चावी बंद करा, सगळ्यांना उतरवा, आतली कळ ओढून बॉनेट फक्त पहिल्या खटक्यापर्यंत सुटू द्या आणि त्या फटीतून पावडर मारा. बॉनेट सताड उघडलं की हवा मिळून भडका उडतो. गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी घट्ट बसते. महिन्यातून एकदा अग्निशामक उलटा करून हलवा, आणि काटा हिरव्यात आहे ना बघा. इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला आग लागली तर याचा उपयोग नाही, लांब जा. डब्यात जादा पेट्रोल घेऊन फिरू नका.

प्रथमोपचाराच्या पेटीत गोळ्यांची गर्दी करण्यापेक्षा रक्त थांबवायचं साहित्य हवं: गॉजचे दहा तुकडे, दहा सेंटिमीटर रुंद रोलर बँडेज चार, एक त्रिकोणी बँडेज, कापडी चिकटपट्टी, कात्री, हातमोज्यांचे दोन जोड, ओआरएसच्या पुड्या. चिकटपट्टी आणि औषधं उन्हाने खराब होतात, दर जूनमध्ये बदला. रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून हाताने दाबून धरा, आणि दर मिनिटाला उचलून बघू नका. अपघातग्रस्ताला मदत करायला घाबरू नका. मोटार वाहन कायद्याच्या 134अ कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे.

ओढण्याचा हूक जॅकजवळच असतो आणि बंपरवरचं छोटं झाकण काढून तिथे आट्यात बसवायचा असतो. काही युरोपीय गाड्यांत हे आटे उलटे असतात. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडी दोरीने ओढायची नाही, गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक बोलवा.

बंदूक

परवान्याची बंदूक हे संकटकाळचं सामान नाही. ती पेटीत, सीटखाली, डॅशबोर्डच्या कप्प्यात कायम ठेवायची वस्तू नव्हेच. कामासाठी न्यायची आणि आपल्यासोबत परत आणायची. शस्त्र कायदा 1959चा आणि नियम 2016चे. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं: जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. कोकणात वानर आणि रानडुकरांसाठी पीकसंरक्षणाचा परवाना असलेले शेतकरी बंदूक दुरुस्तीला दुसऱ्या जिल्ह्यात न्यायची म्हणतात, तेव्हा हा मजकूर आधी वाचायला हवा. क्षेत्राबाहेर न्यायची तर आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाची लेखी परवानगी घ्या.

परवानाधारक स्वतः गाडीत हवा. लेखी अधिकारपत्र न देता मुलाला किंवा ड्रायव्हरला "एवढी बंदूक तेवढी पोचव" म्हणून पाठवणं गुन्ह्यात बसतं. मूळ परवाना सोबत असावा. सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि लांब बंदूक तिच्या कव्हरमध्ये, पूर्ण झाकलेली.

बारा बोअरची दुनळी नेताना ती घरीच मोडून (म्हणजे बिजागरीतून उघडून) दोन्ही नळ्यांत डोळ्याने बघा आणि बोट घालून खात्री करा. मग पुढचा लाकडी हात काढा, नळी आणि दस्ता वेगळे करून कव्हरमध्ये घाला. काडतुसं वेगळ्या, कुलूपबंद डब्यात, वेगळ्या जागी. सेफ्टीवर विसंबू नका. कित्येक दुनळ्यांत ती फक्त ट्रिगर अडवते, काडतुसावर आघात करणारा आतला घोडा नाही, आणि खड्ड्याच्या दणक्याने तो सुटू शकतो. ठासणीची बंदूक (नळीच्या तोंडातून दारू-छर्रे ठासून भरायची) भरलेली असेल तर ती गाडीत चढवायचीच नाही. ठिणगी देणारी टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असं होत नाही, दारू आणि छर्रे आतच असतात.

जेवायला थांबलात तर एक माणूस गाडीजवळ राहू द्या. बंदूक गाडीत सोडून मुक्कामाला उतरणं म्हणजे काच फोडणाऱ्याला आमंत्रण. चोरी झाली तर त्याच क्षणी जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. ती परवान्याची अटच आहे.

एसी गाडीतून दमट हवेत बाहेर काढलेल्या नळीवर दव धरतं आणि स्पंजचं कव्हर ते धरून ठेवतं. घरी पोचल्यावर बंदूक कव्हरमधून काढा, कोरडी पुसा, तेलाचा हलका हात फिरवा आणि कव्हर उघडंच वाळवा. उन्हातल्या गाडीत राहिलेली काडतुसं आपोआप फुटत नाहीत, पण दारू बिघडते. तशी काडतुसं वेगळी काढा आणि परवान्याच्या दुकानदाराला दाखवा.

बंदुकीऐवजी सीटखाली कोयता, तलवार, रॉड ठेवणं सुरक्षित वाटत असेल तर तेही सोडा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या 37 कलमाखाली निघणाऱ्या मनाई आदेशांत तलवारी, सुरे, लाठ्या, सोटे बाळगायलाही बंदी असते, आणि नाकाबंदीत ते सापडलं की "स्वसंरक्षणासाठी" या उत्तराने सुटका होत नाही. मिरचीचा स्प्रे ठेवायचा असेल तर तो खिशात किंवा पर्समध्ये असावा. डॅशबोर्डवर उन्हात दाबाचा डबा फुटतो. निवडणुकीच्या काळात शस्त्र जमा करण्याची नोटीस आली तर बंदूक वर सांगितल्याप्रमाणे मोडून, काडतुसं वेगळी ठेवून, दिवसाउजेडी सरळ ठाण्यात न्या. पोचपावतीवर बंदुकीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या बरोबर लिहिली आहे का ते तिथेच ताडून बघा, आणि परत आणतानाही तसंच करा.