पहाटे तीनला जाग आणि छातीत धडधड: मला कशाने फरक पडला

रात्री डोळा लागायचा, पण तीनच्या सुमारास टक्क जाग. छाती धडधडतेय, डोक्यात उद्याच्या कामांची यादी. दिवसभर अंग जड आणि झोपायच्या वेळी नेमकी तरतरी. पाळीच्या आधीच्या आठवड्यात तर विचारूच नका.

अश्वगंधा, झोपेचं अ‍ॅप, रात्रीचा जिम, सगळं करून झालं. नुसता वैताग.

आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने टीएसएच (थायरॉईडची रक्तचाचणी), हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासलं; थायरॉईड किंवा रक्तक्षयातही असंच होतं. रिपोर्ट नॉर्मल आले, मग या क्रमाने गेले.

पहिलं, उठण्याची वेळ पक्की, सुट्टीलाही तीच. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं आणि जागं ठेवणारं हार्मोन, जाग आल्यावर साधारण ३० ते ४५ मिनिटांत उच्चांक गाठतं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला असतं. ही लय उजेडावर चालते, म्हणून उठल्यावर १५ मिनिटं बाहेर, उघड्यावर. काचेआडचा उजेड फार कमी पडतो.

मग चहा-कॉफी दुपारी बारानंतर बंद. निम्मं कॅफीन शरीरातून जायला सुमारे ५ तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर जवळपास दुप्पट. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं!

त्यानंतर व्यायाम सकाळी आणला.

तरी जाग आलीच, तर घड्याळ बघायचं नाही. ४ आकड्यांत श्वास आत, ६ आकड्यांत बाहेर, पाचेक मिनिटं. झोप नाहीच आली तर उठून मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाचायचं.

धडधड आधी थांबली, झोप बऱ्याच उशिरा जुळली. आणि हो, गरोदर असाल किंवा थायरॉईडची औषधं चालू असतील तर अश्वगंधा परस्पर घेऊ नका.