७३व्या रकान्यातलं शून्य

हर्क्युलिसवर, म्हणजे जुन्या आयबीएम संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, मी चालवलेला फोरट्रान या जुन्या भाषेतला पहिला प्रोग्राम एकही तक्रार न करता पार पडला आणि उत्तर चुकलं. १००० ने गुणायचं होतं, त्याने १०० ने गुणलं. अख्खी संध्याकाळ मी सूत्र तपासत बसलो. सूत्र बरोबर होतं. ओळ लांबली होती, आणि हजारातलं शेवटचं शून्य ७३व्या रकान्यात जाऊन पडलं होतं.

म्हणून नव्याने येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं: भाषेच्या आधी कार्ड समजून घ्या, म्हणजे पूर्वी प्रोग्रामची एकेक ओळ ज्यावर छिद्रांनी लिहीत ते पंच कार्ड. कार्डाला ८० रकाने. फोरट्रानमध्ये पहिले पाच लेबलचे, सहाव्यात खूण असली तर मागची ओळ पुढे चालू, आणि विधान ७ ते ७२ मध्ये. त्यापुढचं कंपायलर (प्रोग्रामचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा) वाचतच नाही. तिथे कार्डांचे क्रमांक घालत, म्हणजे गठ्ठा हातातून सांडला तरी पुन्हा लावता येई. ७२च का? १९५७ चा पहिला फोरट्रान ज्या आयबीएम ७०४ संगणकासाठी निघाला, त्याचा कार्ड रीडर कार्डाच्या एका आडव्या ओळीतून ३६ बिटांचे दोनच शब्द उचलायचा.

आता मांडामांड. हर्क्युलिस हा रॉजर बाउलर यांनी १९९९ मध्ये आणलेला एम्युलेटर. तो आयबीएमच्या सिस्टिम/३७० या मोठ्या संगणकांच्या घराण्याची नक्कल करतो. त्यावर एमव्हीएस ३.८जे ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम चालते. टीके४- किंवा टीके५ असा तयार संच घ्या. टेपवरून सगळं स्वतः उभारायच्या हौसेत माझे दोन रविवार गेले. तुमचे घालवू नका. ३२७० टर्मिनलचा (आयबीएमच्या जुन्या पडदा-कीबोर्डचा) एम्युलेटर मात्र वेगळा लागेल.

इथे कंपाइलचं बटण नसतं. जेसीएल या, यंत्राला काय चालवायचं ते सांगणाऱ्या भाषेच्या चार ओळींत प्रोग्राम गुंडाळून जॉब पाठवायचा. फोर्टजीसीएलजी ही प्रोसीजर (तयार कृती) तीन पायऱ्या चढते: कंपाइल, लिंक (तुकडे जोडणं), गो (चालवणं). कंपायलरचा रिटर्न कोड, म्हणजे काम कसं पार पडलं ते सांगणारा आकडा, ४ च्या वर गेला की पुढच्या पायऱ्या गाळल्या जातात. मग उत्तर कुठे गेलं म्हणून शोधत बसू नका. प्रिंटरची फाइल उघडा आणि पहिल्या पानापासून वाचा. आपल्याला थेट शेवटची ओळ बघायची सवय, तीच नडते.

प्रिंटरचीही एक खोड आहे. फोरट्रानने छापलेल्या ओळीतलं पहिलं अक्षर कागदावर येत नाही, ते प्रिंटरला हुकूम असतं: १ म्हणजे नवं पान, ० म्हणजे एक ओळ सोडा. चार अंकी जागेत १७२९ छापायला सांगा. नव्या पानावर ७२९ येईल! सुरुवातीला एक कोरी जागा सोडली की प्रश्न मिटला.

कोबॉल आणि पीएल/आय या भाषाही त्याच संचात आहेत, सरावाने जमतात. अल्गॉल एफ हा अल्गॉल भाषेचा कंपायलर मात्र गंमत म्हणून तरी बघाच: त्यात बिगिन, एंड असे शब्दसुद्धा अवतरणचिन्हांत लिहावे लागतात. खुद्द ७०४ किंवा ७०९० बघायचं असेल तर हर्क्युलिस सोडून सिमएच या दुसऱ्या एम्युलेटरकडे वळा.

माझ्या एडिटरमध्ये आता ७२व्या रकान्यावर एक लाल उभी रेघ कायम असते, पायथॉन लिहितानाही.